विकू का ठेवू? शेअरबाजार: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी लातूर, परभणी, बीड, जालना, नांदेड सगळीकडून पत्रं आलीत. कंपन्यांची नावं वेगवेगळी पण बहुतेकांचा प्रश्न एकच, विकू का ठेवू. अमुक शेअर इतक्याला घ्या आणि तितक्याला विका असं या पानावर लिहीत नाही, त्याला सेबीकडे, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते, आणि तुमच्या घरचं कर्ज किती, पोरांच्या फीस किती हे माहीत नसताना तसं सांगणं बरोबरही नाही. पण कुठं बघायचं, काय तपासायचं आणि कुणापासून लांब राहायचं हे सांगता येतं. पहिलं पत्र मुद्दाम आधी घेतलंय, कारण त्यात एकेक तास महत्त्वाचा आहे.

प्रश्न: सर मी अंगणवाडी सेविका आहे. गटातल्या एका बाईनी मला व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये घातलं, तिथं एक सर रोज शेअर सांगतात, त्यांचं स्वतःचं ॲप पण आहे. आधी १० हजार टाकले ते १२ होऊन परत आले म्हणून मग ४० आणि नंतर ८० हजार टाकले. आता ॲपमध्ये ४ लाख १२ हजार दिसायलेत पण काढायला गेलं की म्हणतात आधी ६२ हजार टॅक्स भरा मग रक्कम सुटेल. भरू का? घरी अजून सांगितलं नाही. (एक वाचक, केज)

उत्तर: ताई, एक रुपया पण भरू नका. हे पान वाचताय तिथूनच १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका. कोणत्या तारखेला, कोणत्या यूपीआयवर, किती पैसे गेले ते लिहून जवळ ठेवा, बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवले जातात, त्यामुळं तक्रार जेवढी लवकर तेवढी मधल्या एखाद्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ग्रुप सोडायच्या आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून घ्या.

आता हे फसवणुकीचंच आहे असं इतक्या ठामपणे का म्हणतोय ते सांगतो. शेअर विकल्यावरचा इन्कम टॅक्स कोणताच ब्रोकर पैसे सोडण्याआधी वरून भरायला सांगत नाही, तो तुम्ही सरकारला भरायचा असतो. खरे शेअर विकले की २७ जानेवारी २०२३ पासूनच्या नियमाने दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे मिळतात, अडवून कुणी धरत नाही. आणि खरे शेअर हे एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडं तुमच्या नावावर जमा असतात, त्यांचं स्टेटमेंट ईमेलवर येतं. तुमच्या ॲपमधले ४ लाख १२ हजार हा फक्त स्क्रीनवर टाईप केलेला आकडा आहे ताई, वाईट वाटतं लिहायला पण तेच खरं आहे. १० चे १२ दिले ते तुमच्याकडून पुढचे १ लाख २० हजार काढायलाच.

बाकीच्यांनी पण लक्षात ठेवा, नोंदणी असलेल्या ब्रोकरचा सेबी नंबर आयएनझेडने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने आणि गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने, आणि तो सेबीच्या वेबसाईटवर नावासकट जुळवून बघता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणी असलेल्या संस्थांसाठी ‘@valid’ आणि त्याला जोडून बँकेचं नाव असलेला वेगळा यूपीआय पत्ता पण आणलाय. कुणा माणसाच्या नावच्या खात्यावर शेअरचे पैसे मागितले की तिथंच थांबायचं. आणि ताई, घरी आजच सांगा. तक्रारीला, पोलिस स्टेशनला कुणीतरी सोबत लागतं, आणि फसवणारे तुमच्या याच गप्प बसण्यावर मोठे होतात.

प्रश्न: मी गणिताचा शिक्षक आहे. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून एका छोट्या कंपनीचे १००० शेअर ६८ रुपयाने घेतले. पडला म्हणून ५० ला १००० आणि ३४ ला १५०० घेऊन ॲव्हरेज केलं. आता भाव १९ आहे. सहकारी म्हणतो सुझलॉन नाही का वर आला, हा पण येईल, माझा भाव आला की मी विकून मोकळा होणार आहे. पण मन लागंना. ठेवू का विकू? (एक शिक्षक, जिंतूर)

उत्तर: सर, आधी आकडे मांडू. तुमच्याकडं ३५०० शेअर आहेत, घातलेले पैसे १ लाख ६९ हजार, सरासरी पडली ४८ रुपये २९ पैसे, आणि आजच्या १९ ने त्याचे होतात ६६,५००. म्हणजे नुसतं मुद्दल सुटायला हा शेअर इथून अडीचपटीच्या वर जायला पाहिजे. ॲव्हरेज करून भाव ६८ वरून ४८ वर आणला असं तुम्हाला वाटतं, पण झालं काय, तर ६८ हजाराची जोखीम १ लाख ६९ हजाराची झाली, आणि ती पण अशा कंपनीत जिचा भाव दरवेळेस खाली जात होता आणि का जातोय हे तुम्ही एकदाही तपासलेलं पत्रात दिसत नाही. ॲव्हरेज करणं चूकच असतं असं नाही, चांगल्या कंपनीचा भाव सगळा बाजार पडला म्हणून पडला तर घ्यावा, पण बाजार जागेवर आणि आपलीच कंपनी पडतीये तर काहीतरी आत बिघडलेलं असतं.

आपल्याकडं भाव येईल म्हणून सोयाबीन घरात ठेवतात, पण तिथं माल डोळ्यापुढं असतो, ओलावा बघता येतो आणि हमीभाव किती आहे (२०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८) हे तरी माहीत असतं. शेअरला हमीभाव नसतो सर. १९ चा ९ होऊ शकतो, ९ चा २ होऊ शकतो आणि त्याच्यापुढं तो विकायला काढला तर घेणाराच सापडत नाही, रोज लोअर सर्किट लागतं, म्हणजे दिवसात जेवढं पडायची परवानगी तेवढा भाव पडून व्यवहार अडतो, आणि आपली ऑर्डर तशीच पडून राहते.

सुझलॉनचं उदाहरण मला बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून जरा सविस्तर. २००८ च्या तेजीतला तो लाडका शेअर २०२० च्या मार्चमध्ये दोन रुपयांच्या आसपास आला आणि २०२४ मध्ये ८० च्या वर गेला हे खरं आहे. पण तो आपोआप नाही वर आला, कर्जाची फेररचना झाली, २०२२ मध्ये राइट्स इश्यू काढून, म्हणजे आहेत त्याच शेअरधारकांना नवे शेअर विकून, पैसे उभे केले, कर्ज उतरवलं, मग पवनचक्क्यांच्या ऑर्डरी आल्या. आणि २००८ च्या तेजीत वरच्या भावाने ज्यांनी घेतला होता ते ८० ला सुद्धा मुद्दलात आले नव्हते. आता दुसरी बाजू बघा जी स्टाफरूममध्ये कुणी सांगत नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्स २००८ च्या सुरुवातीला ८०० च्या घरात होता, कंपनी २०१९ ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि शेअर रुपया-दोन रुपयांवर आला. डीएचएफएलचं तर २०२१ ला पिरामलकडं हस्तांतर झालं तेव्हा शेअरधारकांना शून्य मिळालं आणि शेअर बाजारातूनच काढून टाकला. ज्यांनी ‘आता दहा-वीस रुपयात मिळतोय, अजून किती पडणार’ म्हणून घेतला होता त्यांचे पण गेले. दिवाळखोरीत आधी बँका, देणेकरी, आणि सगळ्यात शेवटी शेअरवाला, हा कायद्याचाच क्रम आहे.

मग करायचं काय. मोबाईलवर बीएसईची साईट उघडा, कंपनीचं नाव टाका. शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाही संपल्यावर २१ दिवसात टाकावा लागतो, त्यात मालकांचा, म्हणजे प्रमोटरचा हिस्सा कमी होत चाललाय का आणि त्यातला गहाण किती टाकलाय ते दिसतं. मग तिमाहीचे निकाल बघा, विक्री वाढतीये का, नफ्यातला किती भाग व्याजातच चाललाय. वार्षिक अहवालात कॅश फ्लोचं एक पान असतं, कागदावर नफा पण धंद्यातून रोख पैसा येतच नाही असं सलग दोन-तीन वर्षं असेल तर सावध व्हायचं. ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिलाय का ते पण बघा, ते घोषणांमध्ये सापडतं. शेअरच्या नावापुढं एएसएम किंवा जीएसएम लिहिलं असेल तर एक्स्चेंजने त्याला देखरेखीखाली टाकलाय असं समजा. हे सगळं बघायला एक संध्याकाळ पुरते, आणि ही संध्याकाळ १ लाख ६९ हजार टाकायच्या आधी काढायची असते पण आता तरी काढा.

बघून झाल्यावर एकच विचार करा, आज तुमच्या हातात रोख ६६,५०० असते तर ते सगळे याच कंपनीत टाकले असते का? ६८ चा आकडा डोक्यातून काढून टाका, तुम्ही कितीला घेतला याचा तिच्या धंद्याशी काही संबंध नाही. माझं मत विचाराल तर प्रमोटरचा निम्म्याच्या वर हिस्सा गहाण आणि वर्षभर सलग तोटा असं दिसलं तर जे येतंय ते घेऊन बाहेर पडा. कर्ज कमी होतंय, विक्री वाढतीये असं दिसलं तर आहेत ते ठेवा पण नवा एकही घेऊ नका. तोट्यात विकलं तर तो तोटा वाया जात नाही, एक वर्षाच्या आतला असेल तर कुठल्याही शेअरच्या नफ्यातून वजा होतो, वर्षाच्या वरचा असेल तर फक्त लाँग टर्म नफ्यातून, आणि उरला तर पुढं ८ वर्षं नेता येतो, फक्त रिटर्न मुदतीत भरलेलं पाहिजे. तुमचा रिटर्न भरणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

प्रश्न: यंदा सोयाबीन आणि थोडी तूर विकून हातात साडेतीन लाख आलेत. जूनमध्ये बी-भरण, खत आणि पोरीची कॉलेजची फी आहे. पुण्याला असलेला पुतण्या म्हणतो की तोपर्यंत शेअरमध्ये टाका, बँकेत कुजवता कशाला. जमंल का? (एक शेतकरी, औसा)

उत्तर: नाही जमणार दादा. पुतण्याची तळमळ खरी असेल पण पेरणीचा पैसा शेअरमध्ये टाकायचा नाही.

कारण सांगतो. २०२० ची फेब्रुवारी आठवा. महिन्याच्या मध्याला सेन्सेक्स ४१ हजारावर होता, सगळे खुशीत, आणि २३ मार्चला तो २६ हजाराच्या खाली बंद झाला, सव्वा महिन्यात. पुन्हा ४१ हजाराला यायला नोव्हेंबर उजाडला. म्हणजे ज्याच्याजवळ थांबायला वेळ होता त्याचं काहीच गेलं नाही. पण आपल्या भागातला ज्याने माल विकून पैसे टाकले होते त्याला जूनमध्ये, मृग लागला, पाऊस पडला, बियाण्याच्या दुकानापुढं उभं राहिल्यावर, सेन्सेक्स ३४-३५ हजाराला असताना तोट्यात विकूनच बॅगा घ्याव्या लागल्या असत्या. बाजार सावरंपर्यंत पेरणी थांबत नाही. शेअरमध्ये नुकसान पुष्कळदा कंपनीमुळं नाही तर चुकीच्या महिन्यात पैसे लागल्यामुळं होतं.

त्यामुळं जूनपर्यंत लागणारी रक्कम बँकेत छोट्या मुदतीच्या दोन-तीन एफडीत ठेवा, एकच मोठी करू नका म्हणजे मध्येच दवाखाना निघाला तर एकच मोडता येईल. बँक राष्ट्रीयीकृत असो, खाजगी असो का सहकारी, एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखापर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना हा विमा नाही, एक-दीड टक्का जास्त व्याजाच्या नादात मराठवाड्यात किती घरं उघड्यावर आली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पीक कर्ज असेल तर आधी ते वेळेत भरा, ३ लाखापर्यंतचं मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने व्याज ४ टक्क्यांवर येतं, आणि थकलं तर ही सवलत जाते. काहीजण पीक कर्ज उचलून शेअरमध्ये टाकायलेत असंही ऐकतो, कृपा करून असं कुणी करू नका.

आता शेअरबाजारात यायचंच नाही का? या ना. सगळं भागवून जो पैसा पाच-सात वर्षं लागणार नाही, मग तो २५ हजार असो, त्याच्यापासून सुरू करा, आणि पहिल्यांदा एकट्या शेअरपेक्षा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड बरा, ५० मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे जातात आणि खर्च कमी. दर महिन्याची एसआयपी पगारदारांना जमते, शेतकऱ्याचा पैसा खरिपाला आणि रब्बीला असा वर्षातून दोनदाच येतो. एसआयपी सुरू करून तीन महिन्यात बाऊन्स होण्यापेक्षा माल विकला की एकरकमी लिक्विड फंडात (थोड्या मुदतीसाठी पैसे ठेवायचा कमी जोखमीचा म्युच्युअल फंड) टाका आणि तिथून दर महिन्याला थोडे थोडे इंडेक्स फंडात जातील अशी सूचना द्या, त्याला एसटीपी म्हणतात, पुतण्याला ते माहीत असेल, त्याच्याकडून तेवढं काम करून घ्या.

प्रश्न: माझे वडील वाळूजला बजाजमध्ये होते, चार वर्षांपूर्वी वारले. पत्र्याच्या पेटीत बजाज ऑटोचे २० शेअरचे जुने कागदी सर्टिफिकेट सापडले, सन २००० च्या आधीचे. सोबत डिव्हिडंडच्या न वटवलेल्या पट्ट्या पण आहेत. एक एजंट म्हणतो मी काढून देतो, ३० टक्के द्या. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. हे अजून चालतं का? (एक वाचक, बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: चालतं ताई, आणि तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, म्हणून त्या एजंटला आधी थांबवा आणि कशावर सही केली असेल तर आठवून बघा.

२००८ मध्ये जुन्या बजाज ऑटोची विभागणी झाली. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली, आणि प्रत्येक जुन्या शेअरमागं नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक असे नवे शेअर मिळाले. म्हणजे तुमचे २० शेअर हे तिन्ही कंपन्यांत २०-२०. मग २०१० ला बजाज ऑटोने एकास एक बोनस दिला, २० चे ४० झाले. आणि २०२२ ला फिनसर्व्हने एका शेअरचे पाच तुकडे केले आणि वर एकास एक बोनस दिला, म्हणजे एकाचे दहा, २० चे २००. पेटीत एक कागद आहे पण हक्क तीन कंपन्यांवर आहे, आणि एजंटने तुम्हाला यातलं किती सांगितलं हे त्याला जरूर विचारा. वडिलांनी मधे काही विकलं नसेल असं धरून हा हिशोब आहे, नक्की काय ते सर्टिफिकेटवरच्या फोलिओ नंबरवरून कळेल.

पहिलं काम, तिन्ही कंपन्यांच्या वेबसाईटवर गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर त्यांच्या रजिस्ट्रारचा, म्हणजे आरटीएचा पत्ता असतो, त्यांना फोलिओ नंबर, वडिलांचं नाव आणि मृत्यूचा दाखला जोडून पत्र लिहा आणि आज शिल्लक किती, डिव्हिडंड किती पडून आहे हे लेखी विचारा. सलग सात वर्षं डिव्हिडंड उचललेला नसेल तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ या निधीकडं जमा होतात. घाबरू नका, तिथं गेले म्हणजे बुडाले नाहीत, वारसाला परत मागता येतात. आयईपीएफच्या साईटवर नावाने शोधता पण येतं. तिकडं गेले असतील तर आधी आरटीएकडून वारसा हक्काची कागदपत्रं तपासून घ्यायची आणि मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाईन भरायचा, त्या फॉर्मला सरकार फी घेत नाही.

कागदी शेअर २०१९ पासून कागदावरच दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, त्यामुळं वारसाचं डिमॅट खातं, म्हणजे कागदाशिवाय शेअर ठेवायचं खातं, लागणारच. तिघा भावंडांनी आताच बसून ठरवा कुणाच्या नावावर घ्यायचे, बाकी दोघांचं संमतीपत्र लागेल, आईसाहेब असतील तर त्यांचं पण. रक्कम मोठी निघाली तर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट मागू शकतात. आणि आपल्याकडं हमखास अडतं ते नावावर: सर्टिफिकेटवर इंग्रजीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं, कुठं ‘राव’ आहे कुठं नाही. त्यासाठी ‘हा एकच माणूस’ असं ॲफिडेव्हिट नोटरीकडून करून घ्या. सर्टिफिकेटला लॅमिनेशन करू नका, पंचिंग करू नका, मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, एजंटच्या तर अजिबात नाही. वर्ष-सव्वा वर्ष लागलं तरी चालेल, पण ३० टक्के म्हणजे तुमच्या वडिलांच्या घामाचा जवळपास एक तृतीयांश भाग, तो नुसते फॉर्म भरायला कुणाला देऊ नका. अगदीच जमलं नाही तर एखाद्या कंपनी सेक्रेटरीकडून ठराविक फी देऊन करून घ्या, टक्केवारीवर नाही.

मिळाल्यावर विकायचे का हा पुढचा प्रश्न आहे, तेव्हा पुन्हा लिहा. तेवढंच आत्ता सांगतो की वारसाने मिळालेल्या शेअरवर मिळाल्या दिवशी टॅक्स लागत नाही, विकल्यावर लागतो, आणि १ फेब्रुवारी २०१८ च्या आधीच्या शेअरला ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदीचा धरता येतो, बोनसनं आणि तुकड्यानं बदललेल्या शेअरचा हिशोब मात्र जाणकाराकडून करून घ्या.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे, जालन्यात एमआयडीसीत कामाला आहे. ऑप्शनमध्ये ११ महिन्यात १ लाख ४० हजार घालवले, त्यातले ६० हजार लोन ॲपचे आहेत. एक चांगली एक्स्पायरी भेटली तर सगळं निघंल असं वाटतं. रात्री झोप येत नाही. स्ट्रॅटेजी सांगा. (एक वाचक, जालना)

उत्तर: स्ट्रॅटेजी सांगणार नाही मित्रा, थांब म्हणणार आहे, आणि हे तुला कमी लेखून नाही. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ अशी तीन वर्षं तपासली तर फ्युचर-ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर लावायचे सौदे, करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. नंतरच्या वर्षी नियम कडक केले, दर एक्स्चेंजला आठवड्याची एक्स्पायरी (सौद्याची मुदत संपायचा दिवस) एकाच इंडेक्सपुरती ठेवली, लॉट, म्हणजे सौद्याचा कमीत कमी आकार, मोठे केले, तरी २०२४-२५ ला ९१ टक्के तोट्यातच. तू बिनडोक आहेस म्हणून हरला नाहीस, तुझ्यासमोर मोठ्या संस्था आहेत, त्यांच्या मशिनी सेकंदाच्या तुकड्यात सौदे करतात, आणि तू ड्युटीच्या मधल्या सुट्टीत फोनवर करतोस.

आज ब्रोकरच्या ॲपमध्ये एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शनचा सेगमेंट बंद कर, ते सेटिंगमधून होतं. मग ६० हजाराचं लोन, ते सगळ्यात आधी, कारण त्याचं व्याज तुझ्या पगाराला खातंय. घरी किंवा एखाद्या जवळच्या माणसाला खरा आकडा सांग, पगारातून हप्ता बांधून घे, पीएफ नको काढूस. वसुलीवाले धमकी देत असतील, फोटो पाठवतो म्हणत असतील तर तो गुन्हा आहे, १९३० तिथं पण चालतो. आणि झोप येत नाही असं लिहिलंस ते मी सोडून देणार नाही, टेली मानस म्हणून सरकारचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, आज रात्रीच लाव. २३ व्या वर्षी १ लाख ४० हजार हा दोन वर्षात भरून निघणारा खड्डा आहे रे, ते एका एक्स्पायरीत भरायचं वेड तेवढं सोड. शेअर नंतर कधीही शिकता येतील.

प्रश्न: पॉलिसीधारक म्हणून एलआयसीचे १५ शेअर ८८९ ने लागले होते. सरकारी आहे म्हणून ठेवलेत. ठेवू का? (एक निवृत्त कारकून, नांदेड)

उत्तर: काका, पॉलिसी आणि शेअर या दोन गोष्टी वेगळ्या करा. पॉलिसीच्या रकमेला आणि बोनसला एलआयसीच्या कायद्यातल्या कलम ३७ प्रमाणं केंद्र सरकारची हमी आहे, शेअरच्या भावाला कुणाचीच नाही. मे २०२२ ला ९४९ चा इश्यू पहिल्याच दिवशी खाली उघडला, २०२३ च्या मार्चमध्ये साडेपाचशेच्या आसपास होता आणि २०२४ ला हजाराच्या वर, म्हणजे सरकारी असून पण वरखाली भरपूर. शिवाय सरकारकडं अजून ९६ टक्क्यांच्या वर हिस्सा होता आणि मे २०२७ पर्यंत लोकांचा हिस्सा १० टक्क्यांवर न्यायची मुदत सेबीने दिलीये, म्हणजे सरकारला अजून विकावं लागणार, तेव्हा भावावर दाब येऊ शकतो. पण १३,३३५ रुपयांच्या गुंतवणुकीसाठी एवढी काळजी नको. पेन्शन चालू आहे, पैसे लागत नाहीत, तर ठेवा, डिव्हिडंड येतोय. फक्त नॉमिनी लावलाय का ते आज बघा, वरचं बजाजनगरचं पत्र वाचलंत तर का म्हणतोय ते कळेल.

प्रश्न: शेतकऱ्याला टॅक्स नसतो मग शेअरच्या नफ्यावर का? मला यंदा ९० हजार नफा झाला. (एक वाचक, वसमत)

उत्तर: शेतीच्या उत्पन्नाला नाही, शेअरच्या नफ्याला आहे, विकणारा कुणी का असेना. वर्षाच्या वर ठेवून विकले असतील तर सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर मूळ सुटीची मर्यादा पण इथं वापरता येते, त्यामुळं तुमच्या ९० हजारावर बहुतेक काही भरावं लागणार नाही, तरी एकदा सीएला दाखवा, शेतीचं उत्पन्न मोठं असेल तर हिशोब बदलू शकतो.

प्रश्न: माझा शेअर एका रात्रीत अर्ध्यावर आला, बातमी काहीच नाही, लगेच विकू का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर: नका विकू, थांबा. पत्रासोबत तुम्ही जे कात्रण जोडलंय त्यातच एकास एक बोनसची रेकॉर्ड डेट, म्हणजे त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर त्यांना बोनस अशी तारीख, आहे. शेअर दुप्पट झाले म्हणून भाव अर्धा दिसतोय, तुमचं एकूण मूल्य तेवढंच आहे. बोनसचे शेअर आता रेकॉर्ड डेटनंतर दोन कामकाजाच्या दिवसात व्यवहाराला खुले होतात. तोपर्यंत ॲपमध्ये लाल आकडा दिसणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही डिमॅटमध्ये आले नाहीत तर ब्रोकरला विचारा, आणि तिथं दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका.